शपथ कुणाच्या नावानं? ब्रॅडलॉ, दादाभाई आणि एक राखीव जागा

हे आपल्या भागाचं लेखी रूप. बोलताना मध्ये मध्ये येणारं "म्हणजे बघा" आणि "तर" बरंचसं गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

एका श्रोत्यानं विचारलं होतं, "मंत्र्यांच्या शपथविधीत काही जण 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणतात आणि काही जण देवाचं नाव न घेता नुसती गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतात. याला काही नियम आहे, की ज्याची त्याची मर्जी?"

उत्तर एका शब्दाचं आहे: मर्जी. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्ही पर्याय शेजारी शेजारी छापलेत. कुठला का घेतलास, असं विचारायचा अधिकार कुणालाही नाही. पण या दोन पर्यायांमधली तिरकी रेघ आहे ना, ती आपोआप आलेली नाही. ती मिळवण्यासाठी एका माणसानं सहा वर्षं काढली, पाच निवडणुका जिंकल्या, एक रात्र पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कैदेत घालवली. तो माणूस इंग्रज होता, आणि त्याच्या अंत्ययात्रेला आपले गांधीजी गेले होते.

आधी एक प्रश्न. राज्यकर्त्यांना शपथ हवीच कशाला? कारण शपथेमागे भीती असते. आपल्याकडे गळ्याची शपथ घेतात, मराठेशाहीत करारमदार करताना बेलभंडार उचलत. हिशोब सरळ आहे. खोटं बोललास तर वरचा बघून घेईल. मग ज्याला वरचा कुणी आहे असं वाटतच नाही, त्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? जॉन लॉक, ज्याला आपण सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता म्हणून शिकतो, त्यानंसुद्धा १६८९ च्या आपल्या पत्रात नास्तिकांना सहिष्णुतेतून वगळलं होतं. कारण हेच. वचन, करार, शपथ यांचं त्यांच्यावर बंधन नाही.

इंग्लंडमध्ये ही भीती नुसती विचारात नव्हती, कायद्यात होती. १६७३ च्या टेस्ट अ‍ॅक्टनं सरकारी पद हवं असेल तर चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीनं प्रभुभोजन घेतल्याचा पुरावा मागितला. परिणाम काय झाला असेल, ओळखा. लोक पदासाठी वर्षातून एकदा जाऊन प्रभुभोजन घेऊन येत आणि उरलेलं वर्ष आपापल्या प्रार्थनागृहात जात. याला तेव्हाही नावं ठेवली गेली, पण पद मिळत होतं. कॅथलिकांना पार्लमेंटचं दार १८२९ मध्ये उघडलं. ज्यूंचं प्रकरण आणखी लांबलं. बँकर लायनेल डी रॉथशिल्ड १८४७ मध्ये लंडन शहरातून निवडून आले, पण शपथेत "ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेनुसार" अशा अर्थाचे शब्द होते. ते शब्द उच्चारायला त्यांनी नकार दिला. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं, आणि ते खरोखर आसनावर बसले १८५८ साली. अकरा वर्षांनी! दरम्यान ज्यू घराण्यात जन्मलेले डिझरायली मात्र सभागृहात आरामात बसत होते, कारण वडिलांनी त्यांचा लहानपणीच बाप्तिस्मा करून टाकला होता.

इथेच एक गोष्ट लक्षात येते, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत ती सोबत ठेवा. ही परीक्षा श्रद्धेची वाटते, पण श्रद्धा कुणाला दिसत नाही. दिसतो तो उच्चार. परीक्षा उच्चाराची होते. ज्याला खोटं म्हणायला हरकत नाही तो पास, आणि ज्याला खोटं बोलवत नाही तो नापास. जॉन स्टुअर्ट मिलनं, आपल्या आगरकरांच्या लाडक्या लेखकानं, १८५९ मध्ये न्यायालयातल्या शपथेबद्दल नेमकं हेच दाखवून दिलं होतं. निधर्मी माणूस खोटारडा असतो असं समजून केलेला नियम फक्त खोटारड्या निधर्मी माणसालाच आत घेतो.

आता येऊ आपल्या माणसाकडे. चार्ल्स ब्रॅडलॉ. जन्म १८३३, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. घरची गरिबी. काही काळ सैन्यात, मग वकिलाच्या कचेरीत कारकून. कायदा तो असाच, काम करता करता शिकला, आणि इतका शिकला की पुढे भल्या भल्या बॅरिस्टरांना स्वतःच्या खटल्यात स्वतः उत्तरं देत असे. १८६६ मध्ये त्यानं नॅशनल सेक्युलर सोसायटी काढली. १८७७ मध्ये संततिनियमनावरची एक पुस्तिका पुन्हा छापली म्हणून त्याच्यावर आणि अ‍ॅनी बेझंट यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. हो, त्याच अ‍ॅनी बेझंट, ज्या पुढे १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. (र. धों. कर्व्यांना आपल्याकडे जे भोगावं लागलं ते आठवलं असेल तर बरोबर आठवलंय.) थोडक्यात, हा माणूस नास्तिक आहे हे इंग्लंडमध्ये कुणाला सांगायची गरज नव्हती.

१८८० च्या निवडणुकीत तो नॉर्दॅम्प्टनमधून निवडून आला. त्या मतदारसंघाला दोन जागा होत्या. दुसऱ्या जागेवर आले हेन्री लाबूशेर. आता गंमत अशी की, लाबूशेर यांचाही देवाधर्मावर विश्वास नव्हता. पण त्यांनी पुस्तक हातात घेतलं, शब्द म्हटले, आणि जाऊन बसले. कुणी ब्रसुद्धा काढला नाही.

ब्रॅडलॉनं ३ मे १८८० रोजी सभागृहाला विनंती केली की मला शपथेऐवजी प्रतिज्ञा करू द्या. क्वेकर पंथाच्या लोकांना ती सवलत होतीच, आणि १८६९–७० च्या कायद्यांनी न्यायालयातल्या निधर्मी साक्षीदारांनाही दिली होती. मग पार्लमेंटमध्ये का नको? समिती बसली. मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं विनंती फेटाळली गेली.

बरं, मग ब्रॅडलॉ म्हणाला, ठीक आहे, मतदारांसाठी मी शपथ घेतो. पण त्यानं एक काम केलं, जे कुठल्याही हुशार राजकारण्यानं केलं नसतं. आधी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. शपथेतले काही शब्द माझ्या दृष्टीनं निरर्थक आहेत, पण उरलेल्या शब्दांचं बंधन मी मनापासून मानतो, अशा आशयाचं. झालं! विरोधकांना हेच हवं होतं. हा स्वतः म्हणतोय की शपथ याच्या लेखी पोकळ आहे, मग याला शपथ घेऊ देणं म्हणजे ईश्वरनिंदाच. म्हणजे प्रतिज्ञा करायची तर कायदा नाही म्हणून नको, आणि शपथ घ्यायची तर श्रद्धा नाही म्हणून नको. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल, म्हणजे विन्स्टन चर्चिल यांचे वडील, या विरोधात सगळ्यात पुढे होते. मला विचाराल तर त्यांना देवापेक्षा ग्लॅडस्टन यांचं सरकार अडचणीत आणण्यात जास्त रस होता.

२३ जूनला ब्रॅडलॉनं सभागृहाबाहेर जायला नकार दिला तेव्हा त्याला धरून घड्याळाच्या मनोऱ्यातल्या खोलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सोडलं. जुलैमध्ये सभागृहानं मार्ग काढला की, प्रतिज्ञा करा, पण तुमच्या जबाबदारीवर. त्यानं केली, बसला, मतं दिली. लगेच एकानं दावा लावला, कारण रीतसर शपथेशिवाय मत दिलं तर दर मताला ५०० पौंड दंड होता. मार्च १८८१ मध्ये न्यायालयानं ब्रॅडलॉच्या विरोधात निकाल दिला. जागा गेली. पोटनिवडणूक लागली. नॉर्दॅम्प्टननं पुन्हा ब्रॅडलॉलाच निवडून दिलं.

सभागृहानं पुन्हा शपथ घेऊ दिली नाही. ३ ऑगस्ट १८८१ ला तो दारातून आत शिरू लागला तेव्हा पोलिसांनी आणि सभागृहाच्या नोकरांनी त्याला उचलून, ढकलत अंगणात नेऊन टाकलं. अंगावरचा कोट फाटला. बाहेर त्याच्या समर्थकांचा मोठा जमाव उभा होता, त्यानं एक इशारा केला असता तर दंगल झाली असती. त्यानं केला नाही. २१ फेब्रुवारी १८८२ ला तर त्यानं कमालच केली. चालत टेबलापर्यंत गेला, खिशातून बायबल काढलं, स्वतःच स्वतःला शपथ दिली आणि सही करून मोकळा झाला. सभागृहानं हकालपट्टी केली. नॉर्दॅम्प्टननं मार्चमध्ये पुन्हा निवडून दिलं. १८८४ मध्ये परत तेच नाटक, परत तोच निकाल. नॉर्दॅम्प्टन हे चपला-बूट बनवणाऱ्या कारागिरांचं गाव. ते सगळे काही नास्तिक नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आमचा प्रतिनिधी कोण हे आम्ही ठरवणार.

मधे १८८३ मध्ये ग्लॅडस्टन सरकारनं कायदा बदलायचं विधेयक आणलं. ग्लॅडस्टन स्वतः कट्टर म्हणावेत इतके धार्मिक. ब्रॅडलॉची मतं त्यांना अजिबात पटत नव्हती. पण त्यांनी केलेलं भाषण त्यांच्या उत्तम भाषणांपैकी मानतात, आणि त्यातला मुद्दा फार बारीक आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. ते म्हणाले, अशा अर्थानं, की तुम्ही आधी कॅथलिकांना आत घेतलंत, मग ज्यूंना घेतलंत, म्हणजे ख्रिस्ताला मानण्याची अट तुम्हीच काढलीत. आता उरली फक्त "कुठलातरी देव" मानण्याची अट. पण कुठला देव? त्यांनी रोमन कवी ल्युक्रिशिअसच्या लॅटिन ओळी म्हणून दाखवल्या, ज्यात देव आहेत, पण ते दूर कुठेतरी स्वस्थ बसलेत, माणसाच्या भल्याबुऱ्याशी त्यांचा संबंध नाही. असा देव मानणारा तुमच्या परीक्षेत पास होईल. मग त्या परीक्षेनं धर्माचं काय रक्षण झालं? धर्माचं तर नाहीच, उलट लोकांच्या मनात धर्म आणि अन्याय यांची गाठ बसते.

विधेयक पडलं. २८९ विरुद्ध २९२. तीन मतांनी.

शेवट अगदीच साधा झाला. नोव्हेंबर १८८५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ब्रॅडलॉ पुन्हा जिंकला. जानेवारी १८८६ मध्ये नवीन सभागृह भरलं तेव्हा सभापती आर्थर पील यांनी सांगितलं की निवडून आलेला सभासद शपथ घ्यायला आला असताना त्याला अडवायचा मला अधिकार नाही आणि इतर कुणालाही नाही. संपलं. सहा वर्षं जे झालं ते एका सभापतीनं काही मिनिटांत मिटवलं. आणि दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, ब्रॅडलॉनं स्वतः पुढाकार घेऊन कायदा करून घेतला की श्रद्धा नसेल किंवा शपथ धर्मात बसत नसेल, तर कुणीही प्रतिज्ञा करू शकतो. आपल्याकडची ती तिरकी रेघ इथून येते.

आता आपल्याकडे येऊ. ब्रॅडलॉला पार्लमेंटमध्ये "हिंदुस्थानचा सभासद" म्हणत, कारण इथले प्रश्न तो सतत मांडायचा. १८८९ च्या डिसेंबरमध्ये, मोठ्या आजारातून उठून, तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला. अध्यक्ष विल्यम वेडरबर्न. त्या वर्षी प्रतिनिधींची संख्याही योगायोगानं १८८९ भरली होती. परत गेल्यावर त्यानं इथल्या कायदेमंडळांच्या सुधारणेचं विधेयक मांडलं. लाहोरमध्ये पुढे त्याच्या नावानं ब्रॅडलॉ हॉल उभा राहिला, आणि तिथल्या नॅशनल कॉलेजात भगतसिंग शिकले. नास्तिकाच्या नावाची इमारत आणि तिथे घडलेला नास्तिक क्रांतिकारक. हा निव्वळ योगायोग, मी त्यातून काही सिद्ध करत नाहीये.

ब्रॅडलॉ ३० जानेवारी १८९१ ला वारला. त्याच्या तीनच दिवस आधी सभागृहानं १८८० चा त्याच्याविरुद्धचा ठराव आपल्या दप्तरातून पुसून टाकायचं ठरवलं. तो तेव्हा इतका अत्यवस्थ होता की त्याला ते कळलंच नाही. ब्रुकवुडच्या दफनभूमीत लंडनमधले हिंदी लोक मोठ्या संख्येनं आले होते. त्यात कायदा शिकणारा एक विद्यार्थी होता, मोहनदास गांधी. आत्मकथेत त्यांनी त्याची आठवण लिहिली आहे.

पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले. मताधिक्य अवघं पाच! मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातला हा माजी प्राध्यापक पार्लमेंटमध्ये उभा राहिला आणि बायबलऐवजी आपल्या खोर्देह अवेस्तावर हात ठेवून शपथ घेतली. सभागृहात वादळ झालं नाही. रॉथशिल्डची अकरा वर्षं आणि ब्रॅडलॉची सहा वर्षं, ही त्या शांततेची किंमत होती.

मग आपली घटना. मसुद्यात प्रतिज्ञा आणि शपथ होती, पण देवाचं नाव नव्हतं. महावीर त्यागी आणि इतरांनी आग्रह धरला, डॉ. आंबेडकरांनी तो मान्य केला, पण पर्याय म्हणून. ज्याला हवं त्यानं देवाचं नाव घ्यावं. उलट ह. वि. कामतांनी घटनेच्या उद्देशिकेची सुरुवातच देवाच्या नावानं करा, असं सुचवलं तेव्हा तो प्रस्ताव ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडला. मला हा फरक फार शहाणपणाचा वाटतो. एकटा माणूस देवाचं नाव घेऊ शकतो. सगळ्यांच्या वतीनं ते घेणं वेगळं. आणि एक गंमत बघा. घटनेचं कलम १०४ म्हणतं, शपथ किंवा प्रतिज्ञा न करता संसदेत बसलात तर दर दिवशी ५०० रुपये दंड. पाचशेचा आकडा ओळखीचा वाटतोय ना?

म्हणजे आपल्याकडे पदासाठी धर्माची अट नाही, असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पाकिस्तानात राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान मुस्लिमच हवेत, ब्रिटनच्या राजाला आजही चर्च ऑफ इंग्लंडमध्येच राहावं लागतं, अमेरिकेत मेरीलँडच्या राज्यघटनेतली देव मानण्याची अट १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निरुपयोगी करावी लागली, आणि आपण मात्र स्वच्छ. पण एक जागा राहते, आणि ती आपल्या अगदी घरातली आहे.

१९५० चा अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश घ्या. त्यात म्हटलं होतं की हिंदूहून वेगळा धर्म जाहीरपणे पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. शिखांमधल्या काही जातींचा अपवाद होता, तो १९५६ मध्ये सर्व शीख दलितांपर्यंत वाढवला. म्हणजे राखीव मतदारसंघातून उभं राहायचं तर जात पुरेशी नाही, धर्मही बघणार. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला.

१९६२ च्या निवडणुकीत डॉ. डी. पी. मेश्राम महाराष्ट्र विधानसभेच्या राखीव जागेवरून निवडून आले. पंजाबराव यांनी आव्हान दिलं की हे बौद्ध झालेत, म्हणून अपात्र. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयानं आदेशातल्या "प्रोफेस" या इंग्रजी शब्दाचा अर्थ लावला. धर्म "प्रोफेस" करणं म्हणजे त्याची उघड घोषणा करणं किंवा तो उघडपणे आचरणं. मनात काय आहे याच्याशी संबंध नाही. त्यांनी उघडपणे बौद्ध धर्म स्वीकारल्याचं पुराव्यातून दिसतं, म्हणून निवड रद्द.

मी हा निकाल वाचला तेव्हा मला लाबूशेर आठवले. मनातून धर्म सोडलेला, पण गप्प राहिलेला माणूस या आदेशात बसतो. उघडपणे बोललेला बसत नाही. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही, शब्द तसाच लिहिला होता. आणि हेही खरं की ही अट फक्त राखीव जागांपुरती होती, सर्वसाधारण जागा कुणालाही खुली होती. पण सर्वसाधारण जागेवर दलित उमेदवार निवडून येणं किती सोपं होतं, ते तुम्हीच सांगा. राज्य सरकारनं शिक्षणात आणि नोकरीत नवबौद्धांना सवलती दिल्या होत्या, पण विधानसभेची राखीव जागा राज्याच्या हातात नव्हती. मग घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर "हिंदू" हे अनेकांना पत्करावं लागलं. प्रभुभोजन घेऊन येणाऱ्या त्या इंग्रज अधिकाऱ्यांसारखंच, फक्त इथे पदाची हाव नव्हती, पोटाचा प्रश्न होता.

१९९० मध्ये आदेशात बौद्धांचा समावेश झाला. दीक्षेनंतर ३४ वर्षांनी. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलितांसाठी अट आजही तशीच आहे, आणि त्यावरच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत. त्यांना घेऊ नये म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद असा की अस्पृश्यता हिंदू समाजरचनेतून आली, तो धर्म सोडला की तो प्रश्नही सुटतो. उलट बाजू म्हणते की गावातली विहीर आणि स्मशान धर्म बदलल्यानं बदलत नाही. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण हा विषय एका परिच्छेदात उरकायचा नाही. त्यावर वेगळा भाग करू, या विषयावर काम करणाऱ्या वकिलांशी बोलून.

आणि ज्या श्रोत्यानं सुरुवातीचा प्रश्न विचारला, त्यांनी पुढे असंही विचारलं होतं की ग्रामपंचायतीला उभे राहतोय, मला देवाचं नाव घ्यायचं नाही, कुणी अडवेल का? तुम्हाला प्रतिज्ञा करायची आहे, एवढंच आधी सांगून ठेवा. कारण सांगू नका. ते कुणी विचारायचं नसतं.

भेटू पुढच्या भागात.